जुना अॅम्प आधी बल्बमधून पाहा, मग गाडीत बसवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती-दिवाळीच्या सुमारास गाडीला ‘सिस्टीम’ बसवून घेणाऱ्यांची गर्दी होते आणि नव्या मालाच्या किमती ऐकून बरेच जण जुन्या मालाकडे वळतात. पुण्यात मंगळवार पेठेतला बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, नाहीतर मोबाइलवरच्या जाहिराती. तिथे अॅम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अॅम्प, विकण्याची रीत ठरलेली आहे. विक्रेता बॅटरीच्या दोन वायरी टेकवतो, हिरवा किंवा निळा दिवा लागतो, ‘चालू आहे साहेब, बघा’ म्हणतो आणि पैसे मोजले जातात. तो दिवा फक्त एवढेच सांगतो की आतल्या पॉवर सप्लायचा काही भाग जागा आहे. चारही चॅनेल (स्पीकरकडे जाणारे वेगवेगळे रस्ते) वाजतात का, स्पीकरच्या टोकांवर नको तो डीसी व्होल्टेज येतो का, अर्ध्या तासाने अॅम्प बंद पडतो का, यातले काहीही त्या दिव्यावरून कळत नाही. म्हणून घरी टेबलावर करता येण्याजोग्या तपासणीबद्दल हे पत्र लिहीत आहोत. ती केली नाही तर वायर ओढण्याची मजुरी फुकट जाते, वूफर (बेसचा मोठा स्पीकर) जळतो आणि कधी गाडीची वायरिंगही.

सामान थोडे लागते. हेडलाइटचा एच-फोर बल्ब (६०/५५ वॅट) होल्डरसह, साधा डिजिटल मल्टिमीटर, ब्लेड फ्यूजचा होल्डर आणि ५ व १० अँपिअरचे दोन-दोन फ्यूज, ४ चौरस मिलिमीटरची लाल आणि काळी तांब्याची वायर प्रत्येकी एक मीटर, पाच-सहा क्लिपा, मोबाइलच्या ३.५ मिमी पिनपासून दोन आरसीए (ऑडिओच्या गोल पिना) निघणारी वायर आणि जळला तरी जीव हळहळणार नाही असा ४ ओमचा जुना स्पीकर. पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सगळे एका फेरीत मिळते. खिशातला निऑन टेस्टर मात्र इथे चालत नाही, १२ व्होल्टवर तो पेटतच नाही.

एच-फोर बल्बला तीन पाय असतात. त्यातली एक जोडी घेतली तर दोन्ही फिलामेंट एकामागे एक येतात आणि बल्ब मंद पेटतो. दोन-दोन पाय आळीपाळीने बॅटरीला लावून पाहा आणि ज्या जोडीत तो लख्ख पेटतो ती वापरा. अशा बल्बमधून पूर्ण उजेडात साडेचार-पाच अँपिअर जातात. म्हणजे तो अॅम्पच्या रांगेत लावला की त्याहून जास्त करंट जाऊच शकत नाही. पुढे सगळे गणित याच आकड्यावर चालते.

बारा व्होल्ट आणायचे कुठून? घरात जुन्या संगणकाचा एसएमपीएस (त्याला वीज देणारा डबा) पडलेला असतो. त्याच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर कोणत्याही काळ्या वायरला जोडली की तो सुरू होतो. पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड. १२ व्होल्टला तो किती अँपिअर देतो हे लेबलवर छापलेले असते, ते वाचा. एकच पिवळी वायर न घेता तीन-चार पिवळ्या एकत्र पिळून घ्या, काळ्याही तशाच. एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा जाळीदार पत्र्याचा १२ व्होल्टचा सप्लायही चांगला, पण त्याच्या स्क्रूंच्या ओळीत २३० व्होल्ट उघडे असतात. त्यावर प्लास्टिकची पट्टी हवीच आणि अर्थिंगची वायर खरोखर अर्थिंगला गेलेली हवी. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी पहिल्या टप्प्याला फार सोयीची. फक्त ती मेलेली नाही ना, हे आधी पाहा. एच-फोर बल्ब एक मिनिट पेटता ठेवायचा आणि व्होल्टेज मोजायचा. १२.७ वरून थेट दहाच्या आसपास कोसळला तर त्या बॅटरीवर कोणताच अॅम्प नीट चालणार नाही आणि दोष मात्र अॅम्पला लागेल.

इन्व्हर्टरची बॅटरी वापरण्याचा मोह होतो, कारण ती घरात हाताशी असते. वापरायची तर इन्व्हर्टर बंद करून त्याची वायर बॅटरीवरून सोडवा, अंगठी आणि कडे काढून ठेवा आणि बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरातच फ्यूज बसवा. त्या बॅटरीतून शॉर्ट झाल्यास शेकडो अँपिअर वाहतात, पाना लाल होतो. बॅटरी चार्जर एकटा वापरू नये, तो सपाट डीसी देत नाही आणि अॅम्पमधून गुणगुण ऐकू येते. सीसीटीव्हीचा २ अँपिअरचा अडॅप्टरही टाळावा, त्यावर बहुतेक अॅम्प चालू-बंद, चालू-बंद करत राहतो.

वीज जोडण्याआधी डोळे आणि नाक वापरायचे. खालची पत्र्याची प्लेट काढा. स्क्रूंची डोकी चेंबलेली असतील तर अॅम्प आधी उघडला गेला आहे. तो गुन्हा नाही, पण कुठे सोल्डरचा डाग दिला आहे ते शोधा. कंपनीचा डाग एकसारखा असतो, हाताने दिलेला फुगीर दिसतो आणि भोवती पिवळसर फ्लक्स राहतो. कपॅसिटरचे डोके सपाट हवे, फुगलेले नको. ट्रान्झिस्टर दाबून धरणाऱ्या पट्ट्यांचे स्क्रू घट्ट हवेत. पट्टी सैल असेल तर ट्रान्झिस्टरचा ताप पत्र्यात उतरत नाही आणि चांगला अॅम्प दहा मिनिटांत मरतो. आम्ही सर्वांत आधी फ्यूज पाहतो. ब्लेड फ्यूजचा रंग आकडा सांगतो: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. प्लेटवर ‘२० अँपिअर’ छापलेले आणि खाचेत हिरवा ३० बसलेला, असे दिसले की समजावे, फ्यूज उडत होता आणि कुणीतरी कारण न शोधता मोठा बसवला. फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा किंवा चंदेरी कागद दिसला तर तो अॅम्प तिथेच खाली ठेवा.

पुराचा माल ओळखणे महाराष्ट्रात गरजेचे झाले आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात गाड्या पाण्यात बुडाल्या. अॅम्प सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी बसवलेला असतो, म्हणजे गाडीत पाणी शिरले की सर्वांत आधी भिजणाऱ्या वस्तूंपैकी तो एक. बाहेरून पुसून चकचकीत केलेला असला तरी तीन खुणा राहतात. प्लेटच्या आतल्या कोपऱ्यात बारीक सुकलेला गाळ, आयसीच्या (काळ्या चिपांच्या) पायांमध्ये पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी भुकटी आणि ट्रान्सफॉर्मरच्या गोल कड्याखाली पाण्याची रेष. असा अॅम्प चालू होतोही. पायांखालची ओल आणि क्षार मात्र तांब्याच्या रेषा खात राहतात आणि दोन-चार महिन्यांनी तो पडतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत वापरलेल्या अॅम्पचे स्क्रू गंजलेले दिसतात, तो वेगळा प्रकार. टोके घासून साफ केली की तो बहुधा चालतो.

आता मीटर. त्याआधी अॅम्पला काहीही जोडलेले नको. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, काळी पिन +१२ व्होल्टच्या टोकाला, लाल पिन ग्राउंडला. साधारण ०.४ ते ०.६ असा आकडा येतो, कारण आतला उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड आणि मॉसफेट (पॉवर सप्लायचे ट्रान्झिस्टर) या दिशेने वाहतात. पिना उलटवल्या की आकडा चढत चढत जाऊन मीटर ‘ओएल’, म्हणजे मापाच्या पलीकडे, दाखवतो, कपॅसिटर भरत असतात. दोन्ही दिशांना शून्याजवळ आकडा आला तर आत शॉर्ट आहे. बहुतेक वेळा मॉसफेट गेलेले असतात, कधी फक्त तो डायोड. पूर्वीच्या मालकाने बॅटरी उलटी लावली की डायोड शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो, ते त्याचे कामच आहे. फ्यूज मोठा असेल तर डायोडऐवजी बोर्डावरची तांब्याची रेष जळते.

दुसरी मोजणी लोक करत नाहीत, ती आरसीएच्या बाहेरच्या कड्याची. कडे आणि अॅम्पचे ग्राउंड यांच्यात बऱ्याच अॅम्पमध्ये काही शे ते काही हजार ओम दिसतात, काहींत रचनाच अशी असते की थेट शून्य येते. आकडा काहीही असो, सगळ्या आरसीएंचा सारखा यायला हवा. एकाचा वेगळा किंवा एकदम ‘ओएल’ आला तर ती रेष जळालेली असते किंवा जॅकचा डाग तुटलेला असतो. जळण्याचे कारण पुष्कळदा एकच: चालू गाडीत कुणीतरी अॅम्पची ग्राउंड वायर आधी सोडली आणि आरसीए तशाच राहिल्या. मग सगळा करंट स्टिरिओकडे जाणाऱ्या त्या केसासारख्या शील्डमधून (आरसीए वायरीच्या बाहेरच्या जाळीतून) वाट काढतो. असा अॅम्प गाडीत बसवला की इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू येते आणि लोक वर्षभर वायरी बदलत बसतात.

मग वीज. अॅम्प लाकडी पाटावर ठेवा, पत्र्याला क्लिप टेकता कामा नये. काळी वायर आधी: सप्लायचे ऋण टोक थेट अॅम्पच्या ग्राउंडला. धन टोकापासून ५ अँपिअरचा फ्यूज, पुढे एच-फोर बल्ब, पुढे अॅम्पचे +१२ व्होल्ट. रिमोटचे टोक, म्हणजे गाडीत जिथे निळी वायर येते ते, अजून मोकळे. स्पीकर नाही, आरसीए नाही.

जोडताच बल्ब क्षणभर चमकून विझला तर उत्तम. कपॅसिटर भरले आणि करंट थांबला. क्लिप टेकताना ठिणगी उडते तीही याच कारणाने, तिला घाबरू नये. बल्ब पूर्ण उजेडात पेटून राहिला तर पॉवर सप्लायचे मॉसफेट किंवा तो डायोड शॉर्ट आहे. पाच अँपिअरच्या पलीकडे करंट जाऊच शकत नसल्याने काही जळत नाही, वायर काढून घ्यायची. बल्बची किंमत इथे वसूल होते: हाच अॅम्प गाडीच्या बॅटरीला थेट लावला असता तर धूर निघाला असता.

या स्थितीत, रिमोट बंद असताना, अॅम्प किती करंट खातो हेही मोजून घ्या. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर बल्बच्या रांगेत आणा. दोन-चार मिलिअँपिअरपेक्षा जास्त काही दिसायला नको. १०० मिलिअँपिअर गळत असतील तर दिवसाला २.४ अँपिअर-तास जातात. लहान गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून आठवड्यात जवळपास निम्मा साठा गेला. गावाला जाऊन आल्यावर गाडी का सुरू होत नाही, याचे उत्तर कधी कधी इथे असते. मोजून झाल्यावर लाल पिन मूळ भोकात परत घाला. ती तिथेच विसरून व्होल्टेज मोजायला गेलात की मीटर स्वतःच शॉर्ट बनतो.

आता रिमोट. अॅम्पच्या +१२ व्होल्टवरून छोट्या वायरने रिमोटच्या टोकाला वीज द्या, मध्ये साधे बटण असेल तर छान. इथून वाहतात ते काही मिलिअँपिअर, जाड वायरीची गरज नाही. बल्ब पुन्हा एकदा चमकतो, मंद होतो, दोन-तीन सेकंदांनी अॅम्पचा दिवा लागतो. बल्ब लालसर राहणे चालते, कारण चालू अॅम्प न वाजताही साधारण अर्धा ते दोन अँपिअर घेतो. आधी शांत असलेला बल्ब रिमोट देताच लख्ख पेटून राहिला तर बहुधा पॉवर सप्लाय बरा आहे आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेले आहेत. एका बल्बने दोष अॅम्पच्या कोणत्या अर्ध्यात आहे हेही सांगितले.

इथे एक फसवणूक होते, तीही बल्बच करतो. मोठा मोनो (एकाच चॅनेलचा) अॅम्प बल्बमधून चालू-बंद होत राहिला तर लगेच नापास करू नका. अॅम्पच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. बल्बवर व्होल्टेज सांडून तिथे साडेदहाच्या खाली आले असेल तर अॅम्पचे कमी व्होल्टेजचे संरक्षण त्याला बंद करत आहे. आतापर्यंत बल्ब विझत असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना क्लिपची वायर लावून बल्ब वगळा, अलीकडचा ५ अँपिअरचा फ्यूज राहू द्या. संगणकाच्या एसएमपीएसची गंमत याच्या उलट. बल्बशिवाय थेट जोडला की रिकामे कपॅसिटर एका झटक्यात इतका करंट ओढतात की एसएमपीएस घाबरून बंद होतो आणि अॅम्प शॉर्ट असल्याचा भास होतो. आधी बल्बमधून भरू द्या आणि मग बल्ब वगळा, दोघेही शांत राहतात.

अॅम्प चालू, दिवा लागलेला. अजूनही स्पीकर जोडायचा नाही. सगळ्या पत्रात एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर घेऊन प्रत्येक चॅनेलच्या स्पीकर-धन आणि स्पीकर-ऋण टोकांमध्ये मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत आले तर चॅनेल निर्धास्त. शंभरच्या वर गेले तर संशय घ्यावा. काही व्होल्ट दिसले तर त्या चॅनेलला स्पीकर लावायचा नाही. स्पीकरच्या कॉइलला डीसी म्हणजे नुसता ताप. कोन एका बाजूला ताणला जातो, हवा फिरत नाही आणि कॉइलचा लाखेचा वास येईपर्यंत कळत नाही. अॅम्पच्या आत २५-३५ व्होल्टच्या धन-ऋण रेषा असतात. एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की ते सगळे सरळ वूफरवर येतात. चांगल्या अॅम्पमध्ये संरक्षण लाल दिवा लावून थांबवते, स्वस्त मालात ते संरक्षण असेलच असे नाही.

मोजताना काळी पिन अॅम्पच्या ग्राउंडला लावून ‘सहा व्होल्ट आले’ म्हणून घाबरू नये. छोट्या, आयसीवर चालणाऱ्या अॅम्पमध्ये प्रत्येक स्पीकर टोक सप्लायच्या निम्म्यावर बसलेले असते. धन-ऋण या दोन टोकांमधला फरक महत्त्वाचा, तो शून्याजवळ हवा. अशा अॅम्पच्या स्पीकर-ऋणाला गाडीच्या पत्र्याला जोडणारे महाभाग भेटतात. आयसी तिथेच संपतो.

फोन जोडण्यापूर्वी आरसीएचे कडे आणि ग्राउंड यांच्यातही डीसी व्होल्ट पाहा. शून्य हवे. काही व्होल्ट दिसले तर तो करंट तुमच्या फोनमधून वाट काढील. आणि फोन जुना असेल तर बरे, चार्जरला लावलेला नसेल तर आणखी बरे. संगणकाच्या एसएमपीएसवर अॅम्प आणि चार्जरला लावलेल्या लॅपटॉपवरून गाणे, अशी जोडणी केली तर दोन्हीकडच्या अर्थिंगमधून वळसा तयार होतो आणि जी ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते तिचा अॅम्पशी संबंध नसतो.

गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) पूर्ण खाली, बेस बूस्ट शून्यावर, फिल्टरचे बटण ‘फुल’ किंवा ‘फ्लॅट’वर. या बटणांमुळे चांगले अॅम्प परत केले जातात, म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. फिल्टर ‘एलपीएफ’वर, म्हणजे फक्त खालचे सूर जाऊ देणाऱ्या जागी, राहिला तर गायकाचा आवाज गायब होऊन नुसती घुमघुम ऐकू येते. मोनो क्लास-डी अॅम्प तर जन्मतःच दीड-दोनशे हर्ट्झच्या वरचे फारसे काही वाजवत नाही, त्यातून शब्द येणारच नाहीत. चार चॅनेलच्या अॅम्पवर ‘२ चॅनेल/४ चॅनेल’ असे बटण असते. ते ४ वर असून फक्त पुढच्या आरसीए लावल्या की मागचे दोन चॅनेल मुके, आणि गिऱ्हाईक म्हणते अर्धा अॅम्प गेला.

जुना स्पीकर एका चॅनेलला लावा, गाणे हळू लावा, गेन सावकाश वर घ्या. एकच आरसीए आणि एकच स्पीकर आळीपाळीने सगळ्या चॅनेलना फिरवायचा, म्हणजे फरक ऐकू आला तर तो चॅनेलचाच असतो. गेनचे बटण फिरवताना खरखर आली तर आत कार्बनवर धूळ आहे. इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस वेळा इकडे-तिकडे फिरवणे पुरते. आरसीएची पिन हळूच हलवा. आवाज तुटत असेल तर जॅकचा डाग तडकला आहे, ते पाच मिनिटांचे काम. पेन्सिलच्या लाकडी टोकाने बोर्डावर ठिकठिकाणी टिचकी मारा. एखाद्या जागी आवाज बदलला तर ड्राय सोल्डर (नीट न धरलेला डाग) तिथेच आहे. आरसीए काढून गेन पूर्ण वर केला की स्पीकरजवळ कान नेल्यावर हलकी सळसळ यायचीच, सगळ्या चॅनेलची सारखी असावी इतकेच.

बल्ब अजून रांगेत असेल तर बेसच्या ठोक्याबरोबर तो पेटेल आणि आवाज बसेल. अॅम्प जास्त करंट मागतो आणि बल्ब देत नाही, हे अपेक्षितच आहे. इथे बल्ब काढून १० अँपिअरच्या फ्यूजवर या. वायर बारीक घेऊ नका. घरातल्या लाइटची १ चौरस मिलिमीटरची वायर जाऊन-येऊन दोन मीटर असली आणि २० अँपिअर वाहिले तर सुमारे पाऊण व्होल्ट वायरमध्येच जातो, ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत पाव व्होल्टही जात नाही. ‘बेसला लाल दिवा लागतो’ ही तक्रार गाडीतही बहुधा अशीच जन्मते, वायरमधून किंवा रंगावर आवळलेल्या ग्राउंडच्या स्क्रूमधून.

मग अर्धा-पाऊण तास मध्यम आवाजात वाजत ठेवा आणि दर दहा मिनिटांनी पत्र्यावर हात ठेवा. एबी आणि डी क्लास या अॅम्पच्या आतल्या दोन रचना. एबी क्लासचा अॅम्प कोमट-गरम होतो, डी क्लासचा कमी. हात टेकवता येत नाही इतका तापला किंवा एकच कोपरा चटके देतो आणि बाकी थंड, तर त्या कोपऱ्यातल्या चॅनेलचा बायस (ट्रान्झिस्टरचा न वाजतानाचा ठरलेला करंट) बिघडला आहे किंवा पट्टी सैल आहे. गरम झाल्यावर डीसी पुन्हा मोजा. थंड असताना २० मिलिव्होल्ट दाखवणारा चॅनेल तापल्यावर ३०० दाखवू शकतो. पाच मिनिटांच्या तपासणीत हा दोष सापडत नाही आणि विक्रेत्याच्या ठेल्यावर तर कधीच नाही.

ताकद मोजायची हौस असेल तर फोनवर ५० हर्ट्झचा सूर लावा आणि स्पीकरऐवजी ४ ओम, ५०-१०० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर जोडा. साधे मीटर ५० हर्ट्झलाच भरवशाचे एसी व्होल्ट दाखवतात. ४ ओमवर १४ व्होल्ट म्हणजे सुमारे ५० वॅट, २० व्होल्ट म्हणजे १०० वॅट. व्होल्टचा वर्ग करा, ओमने भागा. रेझिस्टर काही सेकंदांत भाजण्याइतका तापतो, फरशीवर ठेवा. १० अँपिअरच्या फ्यूजवर आणि १२ व्होल्टवर अॅम्पची पूर्ण ताकद येणार नाही, कारण चालू गाडीत तो १३.८ ते १४.४ व्होल्टवर चालतो. दोन चॅनेल सारख्या आकड्याला येतात का, एवढे पाहिले तरी पुरे.

पत्र्यावर छापलेल्या वॅटांकडे मात्र दुर्लक्ष करा आणि फ्यूजकडे पाहा. एका २० अँपिअरच्या फ्यूजचा अॅम्प १३.८ व्होल्टला जास्तीत जास्त २७६ वॅट आत घेतो. एबी क्लासमध्ये त्यातले निम्म्याहून थोडे जास्त बाहेर येतात, म्हणजे दीडशेच्या आसपास, डी क्लासमध्ये सव्वादोनशेच्या जवळ. त्यावर ‘१२०० वॅट’ लिहिलेले असेल तर ती चित्रकला समजावी. सीईए-२००६ या ताकद मोजण्याच्या मानकाची खूण असेल तर आकडा १४.४ व्होल्ट, ४ ओम आणि एक टक्क्याच्या आतल्या विकृतीला मोजलेला असतो, त्यावर विश्वास ठेवता येतो. दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, वूफर लावायचा असेल तर किमान ओम वाचा. ‘२ ओम स्टिरिओ’ असलेला अॅम्प ब्रिजमध्ये बहुधा ४ ओमच झेपवतो, आणि दोन ४ ओमचे वूफर समांतर जोडले की ते २ होतात.

नापास झालेला अॅम्प दुरुस्त करावा का, हा प्रश्न उरतो. जॅक, गेनचे बटण, फ्यूज होल्डर, फुगलेले कपॅसिटर, उलट-जोडणीचा डायोड: जरूर करावा. सप्लायचे मॉसफेट गेलेले असतील तर गेलेला एकच न बदलता अख्खा संच एकाच नंबरचा, एकाच लॉटचा बदलावा लागतो, सोबत गेटचे रेझिस्टर तपासावे लागतात आणि त्यांना चालवणारा आयसी (पुष्कळ अॅम्पमध्ये टीएल४९४) नीट स्पंदने देतो की नाही हे पाहावे लागते. बोर्ड काळा पडून तांब्याच्या रेषा उचललेल्या असतील किंवा अॅम्प पुराचा असेल, तर मजुरी जुन्या अॅम्पच्या किमतीच्या पुढे जाते.

जुन्या मालाच्या विक्रेत्यांना या पत्रातून एक विनंती. ठेल्यावर बॅटरी असतेच, तिच्या धन वायरीत एक एच-फोर बल्ब कायमचा टाकून ठेवा आणि एक मीटर ठेवा. गिऱ्हाइकासमोर बल्ब विझलेला आणि स्पीकर टोकांवर शून्य दाखवून विकलेला अॅम्प दुसऱ्या दिवशी परत येण्याची शक्यता फार कमी, आणि भाव करायलाही तोंड राहते. गिऱ्हाइकांनी सोबत बल्ब नेला आणि विक्रेत्याने तो लावू दिला नाही, तर काय समजायचे ते समजावे.

तपासणी संपल्यावर सोडवण्याचा क्रम जोडण्याच्या उलट: आधी रिमोट, मग दिवा विझेपर्यंत थांबून +१२ व्होल्ट, शेवटी ग्राउंड. कपॅसिटरमध्ये वीज राहतेच. सुटलेल्या +१२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या टोकांमध्ये तोच बल्ब सेकंदभर टेकवून ती उतरवा आणि मग प्लेटचे स्क्रू लावा.

आपले,
गाड्यांच्या वायरिंगचे आणि ऑडिओचे काम करणारे काही वाचक, पुणे